रिटर्न न भरण्याची किंमत कोण मोजतो?



चळवळीतल्या तरुणांशी हिशेब, ऑडिट, रिटर्न असे शब्द काढले की आम्हाला दोन उत्तरे हमखास ऐकायला मिळतात. पहिले उत्तर असे, "हजारो कोटी बुडवणारे परदेशात मजेत आहेत, आमच्या पावतीपुस्तकाला कोण विचारतो?" दुसरे असे, "हे सरकार आपले नाही. मग त्याच्या कागदांचे लाड आपण का करायचे?"

दोन्ही उत्तरांत राग आहे, आणि तो राग खोटा नाही. बड्यांना सवलत आणि दुबळ्यांना दंड हा या देशाचा जुना शिरस्ता आहे. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो उलटा आहे असे आमचे म्हणणे आहे. कायदा सगळ्यांना सारखा लागू होत नाही, म्हणूनच लढणाऱ्या माणसाने आपला कागद सगळ्यांत आधी नीट ठेवला पाहिजे. हे आम्ही उपदेश म्हणून सांगत नाही. इतिहासात याची किंमत मोजलेली माणसे आहेत. त्यांच्यापैकी काहींची गोष्ट इथे मांडायची आहे.

कराचा प्रश्न बाबासाहेबांनी कसा पाहिला?

बाबासाहेब अर्थतज्ज्ञ होते हे आपण दर 14 एप्रिलला सांगतो आणि तिथेच थांबतो. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध झाला. सरकार पैसा कोणाकडून घेते आणि कोणावर खर्च करते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्याच काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये ते व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे हिशेब शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांसमोर आपला नेता उभा राहत होता.

1927 साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीन महसुलावर नेमके बोट ठेवले. आयकराला एक किमान मर्यादा आहे, त्याखालच्या माणसाला कर नाही. पण शेतसाऱ्याला तशी मर्यादा नाही. एखाद-दुसरा एकर कसणारा आणि मोठा जहागीरदार, दोघांनाही सारा भरावाच लागतो, मग पीक येवो की न येवो. कर माणसाच्या ऐपतीप्रमाणे असावा, हा त्यांचा मुद्दा होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. करव्यवस्था अन्यायकारक आहे हे बाबासाहेबांनी सभागृहात उभे राहून, आकडे देऊन, उघडपणे सांगितले. व्यवस्था अन्यायकारक आहे म्हणून गुपचूप कागद दडवा, असे त्यांनी कुठे शिकवले नाही. या दोन गोष्टींतले अंतर समजून घेण्यासाठी आपण जरा अमेरिकेकडे वळू. 1946 साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. 1972 साली आपल्या पँथरने नावही तिथूनच घेतले. त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका नाही.

माँटगोमेरीचा खटला, 1960

अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात डिसेंबर 1955 मध्ये बसवरचा बहिष्कार सुरू झाला. तो 381 दिवस चालला आणि कृष्णवर्णीयांनी तो जिंकला. या लढ्यातून मार्टिन लूथर किंग हे नाव जगापुढे आले. राज्याच्या सत्ताधाऱ्यांनी बहिष्काराबद्दल खटला भरला. लढा थांबला नाही. किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. तरीही थांबला नाही. मग त्यांनी वहीखाते उघडले.

जानेवारी 1960 मध्ये राज्याच्या कर खात्याने किंग यांच्या जुन्या विवरणपत्रांची तपासणी केली. किंग देशभर भाषणे करत फिरत. चळवळीच्या संस्थांकडून त्यांना प्रवासखर्चाची परतफेड होई, आणि तो पैसा बँकेतल्या खात्यातून जाई. खात्याने असा पैसाही त्यांचे खासगी उत्पन्न धरला आणि 1,700 डॉलरच्या आसपास कर बाकी काढली. किंग यांना आकारणी मान्य नव्हती, तरी वाद मिटावा म्हणून त्यांनी रक्कम भरली.

प्रकरण तिथे संपायला हवे होते. पण त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला ग्रीन्सबरोच्या चार विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखलेल्या खाणावळीच्या काउंटरवर बसून सत्याग्रह सुरू केला होता आणि दक्षिणेतल्या शहराशहरांत त्याचे लोण पसरत होते. फेब्रुवारीच्या मध्यावर किंग यांना अटलांटात अटक झाली. आरोप असा की 1956 आणि 1958 च्या विवरणपत्रांवर त्यांनी खोट्या माहितीखाली सही केली, म्हणजे शपथेवर खोटे सांगितले. कर बुडवण्याची प्रकरणे त्या राज्यात किरकोळ गुन्हा म्हणून निकाली निघत. या कलमाखाली गंभीर गुन्ह्याचा खटला चालवलेले किंग हे अलाबामाच्या इतिहासातले पहिलेच आरोपी होते. सत्ता कायदा कसा निवडून वापरते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

तुरुंग किंग यांना नवा नव्हता. पण हा आरोप त्यांच्या मनाला फार लागला, असे त्यांच्या पत्नी कोरेटा यांनी लिहून ठेवले आहे. कारण उघड आहे. बसमधल्या जागेसाठी तुरुंगात गेलेल्या नेत्याभोवती लोक गोळा होतात. चळवळीच्या पैशाला हात लावल्याचा संशय आलेल्या नेत्यापासून तेच लोक मान खाली घालून दूर होतात. सरकारला हेच हवे होते.

मे महिन्यात खटला उभा राहिला. पंच बारा, सगळे गोरे, सगळे पुरुष. त्या काळच्या अलाबामात असा पंच किंग यांना सोडेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. बचावासाठी शिकागोहून विल्यम रॉबर्ट मिंग आणि न्यूयॉर्कहून माजी न्यायाधीश ह्यूबर्ट डिलेनी आले. त्यांच्या हातात भाषणे नव्हती, किंग यांच्या डायऱ्या होत्या. कुठे गेलो, प्रवासाला किती लागले, कोणी किती परत दिले, याच्या नोंदी किंग त्यात करत असत. बचाव पक्षाने एकेक रक्कम त्या नोंदींशी जुळवून दाखवली. राज्याचा कर-अधिकारी सरकारचा साक्षीदार होता. उलटतपासणीत त्याने कबूल केले की फसवणुकीचा पुरावा आपल्याला आढळला नव्हता.

28 मे 1960 रोजी, पावणेचार तासांच्या विचारविनिमयानंतर, त्या बारा गोऱ्या पंचांनी किंग यांना निर्दोष ठरवले.

त्या बारा जणांचे हृदयपरिवर्तन झाले होते, असे समजायचे कारण नाही. त्यांच्यासमोर आकडे होते आणि ते आकडे खोडता येत नव्हते. डायरीतल्या त्या बारीक नोंदी नसत्या तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतः करावा.

बारीक चुकीला मोठा दंड

या खटल्याचा एक फाटा आहे. किंग यांच्या बचावासाठी निधी गोळा करायला न्यूयॉर्कमध्ये एक समिती स्थापन झाली. तिने 29 मार्च 1960 च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली. तिचा आशय खरा होता, पण तपशिलात काही चुका राहिल्या. विद्यार्थ्यांनी गायलेल्या गाण्याचे नाव चुकले. किंग यांना चार वेळा अटक झाली होती, जाहिरातीत सात वेळा लिहिले गेले.

एवढ्याचा आधार घेऊन माँटगोमेरीचे पोलीस खाते सांभाळणारे आयुक्त एल. बी. सुलिव्हन यांनी बदनामीचा दावा लावला. वृत्तपत्राबरोबर चळवळीतल्या चार कृष्णवर्णीय धर्मगुरूंनाही त्यात ओढले. अलाबामाच्या न्यायालयाने 5 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. 1964 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि तो निवाडा वृत्तपत्र स्वातंत्र्याचा पाया ठरला. पण मधली चार वर्षे त्या माणसांनी टांगत्या तलवारीखाली काढली. सत्तेच्या बाजूच्या माणसाची चूक टंकलेखनाची ठरते, आपली चूक गुन्हा ठरते. हा अनुभव आपल्यालाही आहे.

ज्याने किंगना वाचवले, त्याचे काय झाले?

आता विल्यम रॉबर्ट मिंग यांच्याकडे येऊ. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. 1911 साली शिकागोत जन्मलेला हा माणूस 1947 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या कायदा विभागात अध्यापक झाला. गोऱ्यांच्या विद्यापीठात कायदा शिकवण्यासाठी पूर्णवेळ नेमलेल्या पहिल्या कृष्णवर्णीयांत त्यांची गणना होते. शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या 1954 च्या ब्राउन खटल्यात थरगुड मार्शल यांच्याबरोबर काम करणाऱ्या वकिलांत ते होते. आणि 1960 मध्ये किंग यांचा प्रत्येक डॉलर पंचांना समजावून सांगणारेही तेच.

याच मिंग यांना 1970 साली केंद्रीय न्यायालयाने दोषी ठरवले. आरोप असा की 1963 ते 1966 या चार वर्षांची स्वतःची आयकर विवरणपत्रे त्यांनी मुदतीत भरली नाहीत. चार वर्षे, चार आरोप, एकूण सोळा महिन्यांची कैद. 1972 मध्ये अपील फेटाळले गेले. 1973 साली, शिक्षा चालू असतानाच, रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. वय बासष्ट.

ही गोष्ट वाचून आम्ही अस्वस्थ झालो. दुसऱ्याचे हिशेब कोर्टात सिद्ध करणाऱ्या, कायद्याचा प्राध्यापक असलेल्या माणसाला विवरणपत्र भरावे लागते हे माहीत नव्हते का? माहीत होते. आणि हेच न्यायालयात त्यांच्या विरुद्ध गेले. अज्ञानाचा बचाव त्यांना घेताच येत नव्हता. अशा किती वकिलांवर, व्यापाऱ्यांवर तेव्हा खटले झाले नसतील, मग मिंगच का, हा प्रश्न विचारता येतो. आम्हीही विचारतो. पण न्यायालयापुढचा प्रश्न तो नव्हता. तारीख गेली, विवरणपत्र आले का, एवढाच प्रश्न होता.

इथे कायद्याचा एक बारकावा समजून घ्या. कर न भरणे आणि विवरणपत्र न भरणे हे दोन वेगळे दोष आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 सालीच, एका बेकायदा दारू विक्रेत्याच्या प्रकरणात, ही गोष्ट स्पष्ट केली होती. त्याचे म्हणणे होते, उत्पन्न दाखवले तर माझा गुन्हा उघड होईल, म्हणून मी विवरणपत्रच देणार नाही. न्यायालयाने सांगितले, एखाद्या प्रश्नाला हरकत असेल तर ती विवरणपत्रातच नोंदव, पण कोरा हात दाखवता येणार नाही. चारच वर्षांनी शिकागोचा गुंड अल कपोन याच रस्त्याने तुरुंगात गेला. त्याच्यावर सिद्ध झालेल्या पाच आरोपांपैकी दोन विवरणपत्र न भरल्याचे होते.

म्हणजे जे हत्यार गुंडासाठी घडवले, त्याच हत्याराने मिंग यांच्यासारखा माणूस कापला गेला. हत्यार माणूस ओळखत नाही. ते कोणाच्या हातात आहे आणि तो ते कोणावर उगारतो, यावर सगळे असते.

नकार द्यायचा तर उघड द्या

"मग अन्यायी सरकारला कर नाकारूच नये का?" असा प्रश्न कोणी विचारेल. नाकारता येतो, पण त्याची रीत वेगळी आहे. अमेरिकेतल्याच जुआनिटा नेल्सन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने 1948 पासून युद्धासाठी वापरला जाणारा कर द्यायला जाहीर नकार दिला. 1959 साली अधिकारी घरी आले तेव्हा त्या झग्यावरच होत्या. कपडे बदलून आमच्याबरोबर चला, या हुकमालाही त्यांनी नकार दिला आणि त्याच झग्यात त्यांना फिलाडेल्फियाच्या न्यायालयात नेण्यात आले. त्यांनी काही लपवले नव्हते. काय करतो, का करतो आणि त्याचे परिणाम काय, हे त्यांनी आधीच मान्य केले होते.

हा सत्याग्रह झाला. कपाटात पावत्या कोंबून ठेवणे, तीन वर्षे ऑडिट न करणे आणि नोटीस आली की "व्यवस्था आमच्यावर सूड घेते" असे म्हणणे हा सत्याग्रह नव्हे. महाडचे पाणी बाबासाहेबांनी रात्री चोरून प्याले नव्हते, दिवसाढवळ्या हजारोंच्या समोर प्याले होते.

आपल्याकडचे दोन दाखले

भारतात 1961 च्या आयकर कायद्यात कलम 276सीसी होते. मुदतीत विवरणपत्र जाणूनबुजून न भरणाऱ्याला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद, आणि बुडणारा कर 25 लाखांवर असेल तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. या कलमाखालचा देशातला गाजलेला खटला तमिळनाडूच्या जे. जयललिता, त्यांच्या सहकारी शशिकला आणि दोघींची भागीदारी संस्था यांच्यावरचा. 1991-92 ते 1993-94 या काळातल्या विवरणपत्रांचे ते प्रकरण होते. सर्वोच्च न्यायालयात ते पोचेपर्यंत 2014 उजाडले. न्यायालयाने 30 जानेवारीला खटल्यातून सूट नाकारली आणि विवरणपत्र न भरणे हाच स्वतंत्र गुन्हा असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर आयकर खात्याने तडजोडीचा अर्ज मान्य केला, शुल्क भरले गेले आणि प्रकरण मिटले.

कायद्यात तडजोडीची सोय आहे, ती घेतली गेली. पण शिकागोच्या मिंगना शेजारी उभे करा. वीस वर्षे लढायला वकील आणि शेवटी शुल्क भरायला पैसा ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी कायद्याला मागचे दार असते. आपल्या कार्यकर्त्याकडे यातले काय आहे?

दुसरा दाखला संस्थांचा. तो आयकराच्या विवरणपत्राचा नाही, परदेशी देणगीच्या वार्षिक विवरणपत्राचा आहे, पण धडा तोच. एप्रिल 2015 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने 2009-10 ते 2011-12 या तीन वर्षांची विवरणपत्रे न भरल्याच्या कारणावरून सुमारे 9,000 संस्थांची नोंदणी रद्द केली. त्यातल्या कित्येक संस्था कागदावरच्या असतील, कित्येक खरे काम करणाऱ्याही असतील. सरकारला त्यांच्या विचाराबद्दल, कामाबद्दल एक शब्दही बोलावा लागला नाही. "विवरणपत्र नाही" एवढे वाक्य पुरले. विचार चिरडायला पुरावा लागतो, विवरणपत्र नसेल तर पुराव्याचीही गरज उरत नाही.

आपल्या वस्तीत काय करायचे?

आता आपल्या घराकडे पाहू. जयंती उत्सव मंडळ, बुद्धविहार समिती, अभ्यासिका, महिला बचत गट, विद्यार्थी संघटना. वर्गणी रोखीत येते, मांडववाल्याला रोखीत जाते, आणि उरलेला पैसा एका खजिनदाराच्या खासगी खात्यात पडून राहतो. त्याच्या मनात पाप नसते. पण उद्या त्याच खात्याकडे बोट दाखवून कोणी विचारले की हे पैसे तुझेच उत्पन्न, तर तो काय दाखवणार? किंग यांच्याबाबतीत अलाबामाने नेमके हेच केले होते. फरक इतकाच की त्यांच्याकडे डायरी होती.

म्हणून काही गोष्टी ठामपणे सांगतो. चळवळीचा पैसा कोणाच्याही खासगी खात्यात ठेवू नका. संस्थेच्या नावाचे खाते उघडा आणि ते दोघांच्या सहीने चालवा. प्रत्येक वर्गणीची क्रमांकित पावती द्या आणि पावतीचे स्थळप्रत जपा. प्रवासखर्चाची नोंद त्याच दिवशी करा. नोंदणीकृत न्यास असेल तर 31 मार्चपर्यंतचे हिशेब तपासून घ्या आणि धर्मादाय आयुक्तांकडे द्या. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्या. हा अर्ज न दिल्यामुळे मयत विश्वस्तांच्या नावावर चालणारी विहारे आणि त्यापायी भाऊबंदकीत अडकलेल्या जागा आम्ही पाहतो. करसवलत घेतलेल्या न्यासाने आयकराचे विवरणपत्र मुदतीत भरले नाही तर ती सवलतच धोक्यात येते, आणि लोकांनी धम्मासाठी दिलेल्या पैशावर कर बसतो.

व्यक्ती म्हणूनही पाहा. उत्पन्न करमर्यादेखाली असेल तर बहुतेकांवर विवरणपत्राची सक्ती नाही, आणि कोणी तशी भीती घातली तर ऐकू नका. पण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या प्राध्यापक मित्रांच्या मानधनातून कर आधीच कापला जातो. ते रिटर्न भरत नाहीत, म्हणून कापलेला पैसा परत मागत नाहीत. सरकारला काही द्यायचे नाही म्हणून कागद न भरणारा माणूस इथे आपलाच पैसा सरकारला सोडून देतो.

आणि कागद नीट झाला की प्रश्न विचारायची ताकद येते. अनुसूचित जातींसाठीचा निधी दुसरीकडे का वळवला, शिष्यवृत्ती का अडली, हे आपण सरकारला विचारतो. तेव्हा समोरचा अधिकारी पहिला उलटा प्रश्न विचारतो, "तुमच्या संस्थेचे ऑडिट झाले आहे का?" त्या क्षणी फाइल टेबलावर ठेवता आली पाहिजे.

किंग यांच्यावर अन्याय झाला, मिंग यांच्यावरही झाला असे आम्ही मानतो. दोघांनाही निवडून गाठले गेले असेल. पण एकाकडे नोंदी होत्या म्हणून शत्रूच्या पंचांनाही त्याला सोडावे लागले. दुसऱ्याकडे चार वर्षांची विवरणपत्रे नव्हती म्हणून त्याची सारी विद्वत्ता आणि सारी सेवा कोर्टात कामाला आली नाही. मिंग यांचे नाव आपण आदरानेच घेऊ. त्यांची चूक मात्र आपल्या मंडळात, विहारात, संघटनेत होऊ देणार नाही, एवढे तरी या 31 मार्चच्या आत ठरवू या.

जयभीम! नमो बुद्धाय!